शोभेच्या झाडांकडून सफाई: पुण्यातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत मोरीचे पाणी जिथे बाहेर पडत असे, तिथे कर्दळ, अळू किंवा केळ हमखास लावलेली असे. तिथे पाणी तुंबत नसे आणि वासही फारसा येत नसे. लावणाऱ्यांना एवढा अनुभव पुरेसा होता. मुळांभोवती वाढणाऱ्या जिवाणूंची चर्चा त्यांना करावी लागली नाही. झाडांकडून सांडपाणी आणि माती स्वच्छ करून घेण्याचे हेच काम आज आकडेमोड करून, चाचण्या घेऊन केले जाते. सोसायटीच्या बागेत, बंगल्याच्या परसात किंवा एखाद्या जुन्या कारखान्याच्या मोकळ्या जागेत ते करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

रोप आणण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. झाड घाण 'खाते' ही समजूत अर्धीच खरी आहे. साबण, अन्नकण, तेलकटपणा यांसारख्या सेंद्रिय घाणीचे मुळांवरचे आणि मातीतले जिवाणू खरोखर विघटन करतात आणि ती संपते. शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे धातू मात्र संपत नाहीत. ते मातीतून मुळांत, मुळांतून पानांत जातात, किंवा मुळांपाशीच अडकून राहतात. त्यामुळे धातूंच्या बाबतीत 'कोणते झाड लावू' या प्रश्नाच्या आधी 'कापलेली पाने कुठे टाकू' हा प्रश्न सोडवावा लागतो. शोभेची झाडे निवडण्याचे खरे कारणही हेच आहे, की ती कोणी खात नाही. भाजी, फळ किंवा चारा देणारे झाड कितीही कार्यक्षम असले तरी ते प्रदूषण पुन्हा आपल्याच ताटात आणून वाढण्याचा धोका असतो.

पहिली पायरी: नेमके काय बिघडले आहे ते ठरवावे

घरातून निघणारे आंघोळीचे आणि कपडे धुण्याचे पाणी असेल, तर प्रयोगशाळेत न जाताही काम सुरू करता येते. मातीबद्दल शंका असेल तर मात्र चाचणीवाचून एकही रोप लावू नये. शंका कुठे घ्यावी? जिथे पूर्वी बॅटऱ्या दुरुस्त होत, जिथे धातूंवर मुलामा देण्याचा म्हणजे प्लेटिंगचा छोटा कारखाना होता, जिथे जुन्या दारे-खिडक्यांचा रंग वर्षानुवर्षे खरवडून टाकला गेला, तिथे घ्यावी. देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले आणि घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली; पण शिसे मातीत घट्ट चिकटून राहते, त्यामुळे वर्दळीच्या रस्त्यालगतच्या जुन्या बागेत ते अजूनही सापडू शकते.

नमुना घेण्याची पद्धत शेतीच्या नमुन्यासारखीच आहे. जागेतील आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी 'व्ही' आकाराचा वीतभर खोल खड्डा करावा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडून घ्यावी. सगळी माती एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहावे. माती सावलीत वाळवावी. यात नवशिके हमखास एक चूक करतात: पत्र्याची बादली वापरतात. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि नमुन्यात जस्त वाढून येते. प्लास्टिकचा टब आणि लाकडी पट्टी किंवा स्टीलचे खुरपे वापरावे.

दुसरा नमुना, जिथे काहीच बिघडलेले नाही अशा जवळच्या जागेचा घ्यावा. पुण्यात याचे महत्त्व विशेष आहे. आपली माती बेसाल्ट म्हणजे काळ्या दगडापासून झालेली आहे आणि त्या दगडात तांबे, निकेल, क्रोमियम मुळातच बऱ्यापैकी असतात. परदेशी तक्त्यातील मर्यादा पाहून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या जागेतले निकेल कारखान्याचे नव्हते, सह्याद्रीचे होते. शेजारच्या टेकडीवरच्या मातीशी तुलना केली की हा घोळ टळतो.

प्रयोगशाळेला काय तपासायचे ते स्पष्ट लिहून द्यावे. मृदा आरोग्य पत्रिकेच्या नेहमीच्या चाचणीत बारा बाबी असतात. त्यांत सामू (आम्ल-अल्कतेचे माप, म्हणजे पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन येतात. शिसे, कॅडमियम, क्रोमियम येत नाहीत. 'माती उत्तम' असा शेरा हातात असूनही शिशाबद्दल आपल्याला काहीच कळलेले नसते. जड धातूंसाठी 'एनएबीएल' या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत वेगळी चाचणी करावी लागते आणि तिचे पैसेही वेगळे पडतात.

अहवालातले आकडे टेकडीच्या मातीच्या अनेक पट निघाले, किंवा मातीला रसायनाचा वास येत असेल, रंग हिरवट-पिवळा दिसत असेल, तर ते काम घरगुती राहत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे आणि तोवर जागा झाकून ठेवावी. दूषित जागांसाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत. झेंडूची रोपे लावून ती जबाबदारी टळत नाही.

दुसरी पायरी: सांडपाण्यासाठी कर्दळीचा वाफा

नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण इथे यश दोन-तीन महिन्यांत डोळ्यांना दिसते. या पद्धतीचे शास्त्रीय प्रयोग १९५० च्या दशकात जर्मनीत केटे झाइडेल यांनी पाणगवतांवर सुरू केले. आपल्याकडील उष्ण हवेत ही पद्धत अधिक चांगली चालते, कारण कडाक्याची थंडी नसल्याने जिवाणूंचे काम बारा महिने सुरू राहते.

रचना साधी असते. खडीने भरलेला एक लांबट हौद असतो, त्यात एका टोकाने पाणी शिरते, खडीतून आडवे वाहते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. सफाईचे बरेचसे काम खडीवर आणि मुळांवर साचलेला जिवाणूंचा बुळबुळीत थर करतो. झाडाचे काम त्या जिवाणूंना घर देणे, पाण्यातील नत्र-स्फुरद उचलणे आणि देठातील पोकळ्यांतून थोडी हवा मुळांपर्यंत पोचवणे हे आहे. म्हणूनच दलदलीत तग धरणारी झाडे लागतात. गुलाब इथे आठवडाभरात कुजेल.

हौदाचे माप काढायला एक बादली पुरते. दहा लिटरची बादली काठोकाठ खडीने भरावी आणि मापाने मोजत तिच्यात पाणी ओतावे. चार लिटर पाणी मावले तर खडीत ४० टक्के पोकळी आहे. आता चौघांच्या घरातून आंघोळीचे आणि धुण्याचे मिळून दिवसाला ३०० लिटर पाणी येते असे धरू. ते वाफ्यात दोन दिवस तरी राहायला हवे, म्हणजे ६०० लिटर मावले पाहिजे. पोकळी ४० टक्के असल्याने ६०० लिटरसाठी खडीसह १५०० लिटर, म्हणजे दीड घनमीटर जागा लागते. पाण्याची खोली अर्धा मीटर ठेवली तर क्षेत्रफळ तीन चौरस मीटर येते: तीन मीटर लांब, एक मीटर रुंद. वर दहा सेंटिमीटर कोरडी खडी, म्हणजे हौद साठ सेंटिमीटर खोल.

त्या दहा सेंटिमीटर कोरड्या खडीवर तडजोड करू नये. पाणी वर दिसू लागले की डास अंडी घालणार, आणि पावसाळ्यात डेंग्यूच्या तपासणीला येणारे कर्मचारी तुमचे पर्यावरणप्रेम विचारात घेणार नाहीत.

हौद विटा-सिमेंटचा करावा किंवा खड्ड्यात जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा. तळाला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार पुरतो. पाणी शिरते आणि निघते त्या दोन्ही टोकांना वीतभर जागेत मुठीएवढे दगड भरावेत, मधल्या भागात दहा ते वीस मिलिमीटरची खडी भरावी. वाफ्याच्या आधी गाळ बसण्यासाठी छोटी टाकी आणि तिच्या तोंडाशी जाळी हवीच, कारण केस आणि कपड्यांचे धागे हे खडीचे सर्वांत मोठे शत्रू आहेत. स्वयंपाकघरातील पाणी घ्यायचे असेल तर तेल वर तरंगून अडकेल अशी आणखी एक टाकी लागते. पहिल्या वर्षी ते पाणी घेऊच नये हे बरे. शौचालयाचे पाणी या वाफ्यात कधीही सोडू नये. बाहेर पडणाऱ्या नळीला वर-खाली वळवता येणारा एल्बो बसवला की पाण्याची पातळी हवी तशी ठेवता येते.

आता खडीबद्दल थोडे सविस्तर, कारण आमचा पहिला वाफा खडीनेच बुडवला. क्रशरवरून आलेल्या खडीत कच, म्हणजे दगडाची बारीक पूड असते. आमच्या ठेकेदाराने 'पावसात धुतली जाईल' असे सांगितले आणि आम्ही ते मानले. गणपतीत पाणी खडीवर येऊ लागले, दिवाळीपर्यंत वाफ्याचे डबके झाले, आणि मुळांनी घट्ट विणलेली खडी पहारीने उपसावी लागली. दुसऱ्या वेळी प्रत्येक घमेले स्वतः धुतले. पहिले पाणी दुधाच्या चहासारखे निघाले, तिसरे ताकाच्या निवळीसारखे, आणि पाचव्या पाण्यात घमेल्याचा तळ दिसला. तळ दिसेपर्यंत धुवावे, हेच माप लक्षात ठेवावे. ते कचीचे पाणी गटारात न सोडता बागेच्या वाटेवर पसरावे.

चौरस मीटरला चार या हिशेबाने बारा कर्दळी पुरतात. कर्दळीचे गड्डे कोणत्याही रोपवाटिकेत, आणि त्याहून सहज शेजाऱ्यांकडे मिळतात. प्रत्येक तुकड्याला निदान दोन डोळे असावेत आणि तो ओल्या खडीला टेकेल इतक्या खोलीवर बसवावा. जोडीला एखादे टोक रोपवाटिकेत 'अंब्रेला पाम' नावाने मिळणाऱ्या छत्रीसारख्या गवताला द्यावे. ते पाम नाही, पण नाव रूढ झाले आहे. सुरुवातीला वाफ्यात साधे पाणी भरून पातळी खडीच्या पृष्ठभागाजवळ ठेवावी. नवे कोंब वीतभर झाले की ती हळूहळू उतरवावी, म्हणजे पाण्याच्या मागे मुळे खाली जातात. त्यानंतरच सांडपाणी सोडावे, आणि तेही पहिले दोन आठवडे निम्मेच. सुरुवात जूनमध्ये करावी.

अळूचा मोह मात्र टाळावा. या वाफ्यात अळू इतका तरारून येतो, की कोणीतरी त्याची पाने वड्यांसाठी नेणारच. वाड्यात ते चालून गेले. तेव्हाच्या मोरीत आजची डिटर्जंटे, ब्लीच आणि फरशी पुसण्याची रसायने नव्हती. ब्लीच आणि नळ मोकळे करणारी तीव्र द्रावणे जिवाणूंनाच मारतात, म्हणून ज्या घरात वाफा आहे तिथे ती बंद करावीत.

वाफा चालतो आहे की नाही हे कळण्यासाठी आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचे दोन काचेचे ग्लास वर्तमानपत्रावर ठेवून वरून पाहावे. दोन महिन्यांनंतर बाहेरच्या पाण्यातून बातमीची अक्षरे वाचता आली पाहिजेत आणि वास मातीसारखा आला पाहिजे. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर वाफ्यावर भार जास्त आहे किंवा कुठेतरी तुंबले आहे. हे पाणी झाडांना द्यावे; पालेभाज्यांना आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कशालाही देऊ नये. फुलून गेलेले दांडे जमिनीलगत कापत राहावेत. केवळ घरगुती पाण्यावर वाढलेली ही कापणी खतखड्ड्यात टाकायला हरकत नाही. मे महिन्यात सगळे गावी जाणार असतील तर शेजाऱ्यांना दोन दिवसांआड चार बादल्या ओतायला सांगावे, नाहीतर परत आल्यावर वाळलेल्या काड्या दिसतील.

तिसरी पायरी: धातूंची माती – काढायचे की धरून ठेवायचे

मातीतून धातू उपसून काढण्याची कल्पना मोहक आहे आणि तिची खरी उदाहरणेही आहेत. टेरिस विटाटा हे नेचे, जे आपल्याकडे जुन्या विहिरींच्या आणि चुन्याच्या भिंतींच्या सांदीत उगवलेले दिसते, ते आर्सेनिक मोठ्या प्रमाणात पानांत साठवते हे २००१ मध्ये फ्लोरिडातील संशोधकांनी दाखवले. चेर्नोबिलच्या परिसरात १९९० च्या दशकात एका तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुले वाढवून पाण्यातील सीझियम आणि स्ट्रॉन्शियम हे किरणोत्सारी धातू मुळांत ओढून घेण्यात आले. पण २०११ नंतर फुकुशिमाच्या शेतांत सूर्यफुले लावली, तेव्हा मातीतून सीझियम नगण्य निघाले. पाण्यात विरघळलेले मुळांना मिळते, चिकणमातीने पकडलेले मिळत नाही.

पुण्याची काळी माती याच दुसऱ्या प्रकारात मोडते. ती चिकण आहे, चुनखडीयुक्त आहे, तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो, आणि अशा मातीत शिसे-कॅडमियम घट्ट बसून राहतात. झेंडूवर कॅडमियमचे पुष्कळ प्रयोग झाले आहेत, म्हणून त्याचाच हिशेब करून पाहू. एक चौरस मीटर जागेत वीस सेंटिमीटर खोलीपर्यंत साधारण २६० किलो माती असते. किलोमागे २ मिलिग्रॅम कॅडमियम जास्तीचे आहे असे मानले, तर काढायचे ५२० मिलिग्रॅम. एका हंगामात त्या जागेतून झेंडूचा अर्धा किलो कोरडा पाला निघाला आणि त्यात किलोमागे १० मिलिग्रॅम कॅडमियम आले असे धरले, तर एका पिकाबरोबर ५ मिलिग्रॅम बाहेर पडेल. म्हणजे शंभराहून अधिक पिके लागतील. मातीत रसायने घालून धातू सुटे करण्याची युक्ती पुस्तकांत वाचायला मिळते; ती घरी मुळीच करू नये, कारण सुटा झालेला धातू मुळांत जाण्याआधी बोअरच्या पाण्यात जाऊ शकतो.

म्हणून घरगुती जागेत उद्देश 'धरून ठेवणे' हाच असावा. धातूची माती धुळीच्या रूपाने उडू नये, पावसाने वाहून जाऊ नये आणि मुलांच्या हातांना लागू नये, एवढे साधले तरी बहुतेक धोका कमी होतो. यासाठी वाळा उत्तम आहे. त्याची मुळे चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटर खोल जातात, आणि घेतलेला बराचसा धातू मुळांतच राहतो. उताराच्या आडव्या ओळीत दहा ते पंधरा सेंटिमीटर अंतरावर ठोंब लावावेत. ओळींच्या मधल्या जागेत चांगल्या कुजलेल्या शेणखताचा थर देऊन शोभेचे हिरवळीचे गवत लावावे, म्हणजे उघडी माती कुठेच राहत नाही. जून-जुलैत लावणी केली तर पुण्याच्या पावसावर पहिली वाढ होऊन जाते. पहिल्या उन्हाळ्यात मात्र आठवड्यातून एकदा पाणी द्यावे.

या वाळ्याची मुळे कधीही उपटून माठात घालायला देऊ नयेत. सुगंध तोच येतो, म्हणून ओळखता येत नाही.

काही झाडे कामाची असूनही लावू नयेत. जलपर्णी धातू झपाट्याने शोषते, पण मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती तिच्या जांभळ्या फुलांसाठीच जगभर नेली गेली आणि मुळा-मुठेवर तिचे काय झाले ते दर उन्हाळ्यात पुलावरून दिसतेच. घाणेरीचेही तेच, टेकड्यांवर ती पुरेशी आहे.

हवेबद्दल थोडक्यात

घरात स्नेक प्लांट, मनी प्लांट, पीस लिली ठेवल्याने हवा शुद्ध होते, हा समज १९८९ च्या नासाच्या एका अभ्यासातून पसरला. तो अभ्यास बंद पेटीत झाला होता. खोलीत खिडकी उघडल्याने जेवढी हवा बदलते, तेवढे काम झाडांकडून घ्यायचे तर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असे २०१९ च्या एका आढाव्यात दिसले. कुंड्या आवडीने ठेवाव्यात आणि खिडकी उघडावी. रस्त्याच्या कडेला कण्हेरीचे दाट कुंपण मात्र धूळ अडवते. पावसात ती धूळ खालच्या मातीत उतरते, म्हणून कुंपणाच्या पायथ्याशी कढीपत्ता लावू नये. आणि कण्हेर सर्वांगाने विषारी असल्याने मुले-जनावरे असतील तिथे तिची जागा विचार करून ठरवावी.

शेवटची पायरी: कापणी, नोंद आणि पाटी

धातूच्या जागेतील कापणी खतखड्ड्यात टाकू नये, जाळू नये, महापालिकेच्या ओल्या कचऱ्यातही देऊ नये. आमच्या परिचयातील एका बागेत वर्षभर जपलेल्या अशा वाफ्याची छाटणी माळीकाकांनी एका सकाळी नेहमीच्या सवयीने खतखड्ड्यात लोटली, आणि चार महिन्यांनी तेच खत टोमॅटोला गेले. दोष काकांचा नव्हता. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सर्वांत सोपे म्हणजे कापणी कमीत कमी होईल असे वाळ्यासारखे झाड निवडणे आणि जे छाटाल ते त्याच ओळीत आच्छादन म्हणून अंथरणे, म्हणजे धातू जागा सोडत नाही. कारखान्याच्या जागेतून धातू खरोखर काढायचाच असेल, तर ती कापणी २०१६ च्या घातक कचरा नियमांत बसते का हे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून आधी विचारून घ्यावे. रांजणगावला अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीचे केंद्र आहे, पण तिथे पोते घेऊन थेट जाता येत नाही.

चाचणी दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच ठिकाणांहून, त्याच प्रयोगशाळेकडून करावी. प्रयोगशाळा बदलली की आकडे बदलतात आणि झाडांना विनाकारण श्रेय किंवा दोष मिळतो.

आणि फुलांचे काय? झेंडू, शेवंती, कर्दळ यांची फुले धातूच्या जागेत फुलली की दसऱ्याला ती तोरणात जाणार, तोरण निर्माल्यात, निर्माल्य खतात, आणि खत कोणाच्या तरी परसात. पहाटे फिरायला निघणाऱ्यांच्या हातात आकडी लावलेली काठी आणि पिशवी असते, हे पुण्यात वेगळे सांगायला नको. म्हणून अशा वाफ्यावर पाटी लावावी. आमच्या पाटीवर आधी 'फुले तोडू नयेत' असे लिहिले होते, तिचा उपयोग झाला नाही. आता लिहिले आहे, 'या मातीत शिसे आहे. येथील फुले देवालाही वाहू नयेत.' तेव्हापासून कर्दळ झाडावरच सुकते.